सहीखालचा पत्ता

त्या मेलला उत्तर द्यायला अप्पांना चार महिने उशीर झाला. पैठणकडच्या एका शिक्षकांनी आजीच्या डब्यात सापडलेल्या चांदीच्या नाण्याचे फोटो पाठवले होते, एक पुढच्या बाजूचा, एक मागच्या. खाली दोनच ओळी होत्या : ‘ग्रुपवर तुमचं लिखाण नेहमी वाचतो. हे नाणं नहपानाचं आहे का, एवढं कळवाल का?’ अप्पांनी ती मेल उघडली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. त्यांनी त्याच संध्याकाळी दीड पान उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी पलीकडून कळलं, की वाटणीत तो डबा धाकट्या भावाकडे गेला आणि त्यानं वाट्या-पेल्यांबरोबर नाणंही सराफाकडे मोडीत दिलं.

अप्पा दिवसभर फारसं बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “वेळेवर बघितलं असतं तर वाचलं असतं गं ते.”

मेल हरवली नव्हती. आली त्या दिवसापासून ती इनबॉक्समध्येच होती. फक्त तिच्या वर-खाली न वाचलेल्या 3,800 मेल साचल्या होत्या. घरबसल्या कर्ज, वजन उतरवायच्या गोळ्या, लागलेल्या लॉटऱ्या, परदेशातल्या कुणा विधवेची बेवारस इस्टेट, ‘तुमचं खातं आज रात्री बंद होणार’ अशा बँकेच्या नावानं आलेल्या धमक्या. रोज सकाळी चष्मा लावून एकेक मेल पुसत बसणं हे अप्पांचं काम होऊन बसलं होतं, आणि एका टप्प्यावर त्यांनी ते सोडून दिलं. मी नाशिकमध्येच, त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर राहते. मला हे कळायला ते नाणं वितळावं लागलं, याची मला अजून टोचणी आहे.

अप्पांचं नाण्यांचं वेड निवृत्तीनंतरचं. त्याची सुरुवात जोगलटेंभीच्या ठेव्यापासून झाली. नाशिकजवळ या गावात 1906 साली चांदीची 13,000 हून अधिक नाणी सापडली. सगळी क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची, पण त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा ठोकलेला. नहपानाला हरवल्यावर त्याचीच नाणी त्यानं आपल्या नावावर करून घेतली. पांडवलेण्यांतल्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई आपल्या मुलाचा पराक्रम सांगते, ते आम्हा नाशिककरांना शाळेच्या सहलीपासून माहीत असतं. पण तो पराक्रम नखाएवढ्या चांदीवर बोटानं चाचपता येतो, हे अप्पांना साठीनंतर कळलं आणि ते त्यात बुडाले. अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, 1980 पासूनची. तिथे ते बसनं जायचे. पण रोज तर जाता येत नाही. मग कुणीतरी त्यांना नाणेसंग्राहकांच्या एका ईमेल ग्रुपची वाट दाखवली.

त्या ग्रुपनं त्यांना काय दिलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कोलकात्याच्या एका गृहस्थांनी त्यांना ब्राह्मी अक्षरं ओळखायला शिकवली, एकेका अक्षराचा फोटो पाठवून. आई गेली त्या वर्षी रात्री झोप लागायची नाही तेव्हा अप्पा त्या ग्रुपवर असायचे. त्यामुळे ‘कशाला जाता त्या ग्रुपांवर, म्हणून तर हे सगळं होतं’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ग्रुप सोडणं हे उत्तरच नाही. प्रश्न इतकाच, की आत जाताना दारात काय ठेवून जायचं.

अप्पांनी दारात सगळंच ठेवलं होतं. एका रविवारी मी त्यांचा मेल आयडी अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधला. पानामागून पानं आली. ग्रुपचे जुने संदेश कुणालाही, सभासद न होता, वाचता येत होते, आणि अप्पांच्या प्रत्येक संदेशाखाली सही होती : पूर्ण नाव, हुद्दा, ‘(निवृत्त)’, बंगल्याचं नाव, कॉलनी, गंगापूर रोड, घरचा फोन, मोबाईल, मेल आयडी. जिथे अप्पांनी लिहिलं नव्हतं तिथेही तो आयडी होता, कारण उत्तर देणारे त्यांचा संदेश जसाच्या तसा खाली ठेवून लिहायचे.

“एवढं सगळं कशाला लिहिलंत?” मी विचारलं.

“पत्राखाली पत्ता नसेल तर ते निनावी पत्र झालं,” अप्पा म्हणाले. “निनावी पत्र कोण लिहितं?”

या वाक्यावर मी बरेच दिवस अडकले होते. ते चुकीचं नाही. अप्पांच्या पिढीत सहीखाली पत्ता घालणं ही सभ्यता होती. मी जे बोलतोय त्याला मी जबाबदार आहे, हवं तर येऊन विचारा, असं त्यात असायचं. तो पत्ता वाचणारा माणूस असायचा, एवढंच त्यात गृहीत होतं.

जाहिरातींसाठी मेल आयडी गोळा करणारं यंत्र काही वाचत नाही. ‘ॲट द रेट’चं ते शेपटीवालं चिन्ह, त्याच्या अलीकडे काही अक्षरं, पलीकडे काही अक्षरं आणि एक टिंब, एवढा आकार ते शोधतं. नाणी, नहपान, अप्पांनी तीन रात्री जागून लिहिलेला लेख, हे सगळं ओलांडून ते फक्त तेवढा तुकडा उचलतं आणि पुढच्या पानावर जातं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं 2002 साली याची चाचणी घेतली होती. नवेकोरे 250 मेल आयडी तयार करून इंटरनेटवरच्या 175 ठिकाणी टाकून ठेवले. वेबपानांवर आणि चर्चागटांत टाकलेल्यांपैकी 86 टक्के आयडींवर नकोशा मेलचा कचरा आला. चॅटरूममध्ये टाकलेल्या एका आयडीवर तर दहा मिनिटांच्या आत. याला आता वीस वर्षं होऊन गेली, आणि यंत्रं तेव्हापेक्षा मंद झालेली नाहीत.

माझ्या मामांच्या अस्थी घेऊन मामेभाऊ विदर्भातून आला होता तेव्हाची गोष्ट. रामकुंडावर आम्ही उभे राहिलो तोच एकानं विचारलं, “गाव कुठलं? आडनाव?” दोन्ही सांगितल्यावर त्यानं आम्हाला पंचवटीतल्या एका जुन्या घरात नेलं. त्या घरच्या उपाध्यायांनी कपाटातून लांबट, कापडी बांधणीची वही काढली, पानं उलटली आणि बोट ठेवलं. मामेभावाच्या पणजोबांची मोडीतली सही. खाली कोण कोण बरोबर होतं, त्यांची नावं. मामेभाऊ तिथेच भिंतीला टेकून बसला. मग त्याच पानाच्या पुढे त्यानं आपलं नाव, गाव, मुलांची नावं लिहिली.

म्हणजे नाशिकला हे नवीन नाही. नाव-गाव लिहून घेणं, ते पिढ्यान् पिढ्या जपणं, हा आमच्या गावचा व्यवसायच आहे. पण ती वही त्या गावच्या, त्या आडनावाच्या माणसासाठी उघडते. आपण तिच्यात लिहितो ते पुढे आपलाच कुणी येऊन वाचील म्हणून. ग्रुपवरच्या सहीखाली पत्ता लिहिताना अप्पांच्या मनात अशीच एखादी वही असणार. प्रत्यक्षात ते रविवार कारंज्याच्या चौकात फळ्यावर लिहीत होते.

अशी पहिली नकोशी मेल कुणीतरी गंमत म्हणून पाठवली असेल, असं लोकांना वाटतं. खरं तर ती गंमत नव्हती, धंदा होता. 3 मे 1978 ला संगणक विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यानं जवळपास 400 जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. तेव्हाच्या जाळ्यावर माणसंच थोडी, म्हणून 400 पुष्कळ. चर्चागटांवरचा मोठा घाला मात्र एप्रिल 1994 चा. ॲरिझोनातल्या वकील नवरा-बायकोनं ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात यूजनेट या चर्चागटांच्या जुन्या जाळ्यावरच्या 5,000 हून अधिक गटांत टाकली. कुणी तिथे गणितावर बोलत होतं, कुणी माशांच्या टाकीवर. सगळ्यांच्या बैठकीत एकच माणूस येऊन ओरडून गेला. पुढच्या काही वर्षांत गटांवर लिहिणारे आपला पत्ता मोडून लिहायला लागले, चिन्हाऐवजी ‘ॲट’, टिंबाऐवजी ‘डॉट’. काही काळ ते चाललं. आता या युक्तीवर मी कुणाला विसंबू देणार नाही. यंत्रांना तीही अक्षरं कळतात. पत्त्याचं चित्र करून टाकायचं, हाही उपाय सांगतात. पण ज्यांना दिसत नाही आणि जे संगणकाकडून पान वाचून घेतात, त्यांना तो पत्ता मिळतच नाही. अप्पांच्या ग्रुपात असे एक जण आहेत, नाणी स्पर्शानं ओळखतात. त्यांना वगळणारा उपाय आम्हाला नको होता.

अप्पांना सगळ्यात लागलं ते मात्र कचऱ्यामुळे नाही. त्या नाण्याच्या प्रकरणानंतर पंधरा दिवसांनी बडोद्याच्या एका सभासदांचा फोन आला : “पैसे मिळाले का? तब्येत कशी आहे आता?” अप्पांच्या नावानं, अप्पांचाच पत्ता दाखवत ग्रुपमधल्या कितीतरी जणांना मेल गेली होती, की मी दवाखान्यात आहे, तातडीनं मदत पाठवा. त्या सज्जन माणसानं पाच हजार रुपये पाठवलेसुद्धा होते.

अप्पांना वाटलं, आपलं खातं कुणीतरी फोडलं. मी पासवर्ड बदलला, कुठून कुठून लॉगिन झालं ते पाहिलं. कुणी आत आलेलं नव्हतं, येण्याची गरजही नव्हती. मेल पाठवायची मूळ पद्धत 1982 च्या नियमांवर उभी आहे, आणि त्यात पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोयच नव्हती. पाकिटाच्या मागे कुणी कुणाचंही नाव लिहावं तसं. नंतर तपासण्या बसवल्या गेल्या, मोठ्या मेलसेवा त्या करतात, तरी सगळीकडे त्या नीट लावलेल्या नसतात. अप्पांचा पत्ता आणि त्यांच्याशी बोलणाऱ्यांचे पत्ते एकाच पानावर उघडे पडले होते. चोराला आणखी काय लागतं?

मी हे समजावून सांगत होते तेव्हा अप्पांनी टेबलावरचं भिंग उचललं, खाली ठेवलं. म्हणाले, “म्हणजे माझ्या नाण्यावर दुसऱ्यानं शिक्का ठोकला.”

मी हो म्हणाले.

“नाही,” ते थोड्या वेळानं म्हणाले. “गौतमीपुत्रानं निदान स्वतःचा शिक्का ठोकला होता. नहपानाचा चेहरा खाली दिसतो, वर याच्या शिक्क्यातली टेकडी दिसते. बघणाऱ्याला कळतं, कुणाचं होतं आणि कुणी घेतलं. यानं माझाच चेहरा वापरला.”

बडोद्याच्या त्या गृहस्थांना अप्पांनी पाच हजार रुपये पाठवले. ते घेत नव्हते, अप्पांनी ऐकलं नाही.

तक्रार कुठे करायची, हे मी शोधलं. सायबर पोलिसांकडे फसवणुकीची नोंद केली, ती 1930 या क्रमांकावर किंवा सरकारच्या पोर्टलवर करता येते आणि करावीच. कचऱ्याबद्दल मात्र हात टेकले. फोन आणि एसएमएसच्या जाहिराती थांबवायला आपल्याकडे 1909 आहे. मेलसाठी तसं काही नाही. अमेरिकेनं 2003 साली नकोशा मेलसाठी वेगळा कायदा केला, आपल्याकडे तो झाला नाही. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला तेव्हा मी आशेनं वाचायला घेतला. त्याच्या तिसऱ्याच कलमात लिहिलं आहे, की माणसानं स्वतःहून सर्वांसमोर मांडलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. अप्पांची सही त्यांनी स्वतःच मांडलेली. कायद्यानं दार लावायच्या आधी आपणच बाहेर जाऊन उभे राहिलो होतो.

म्हणून जे करायचं ते घरात करायचं होतं. आम्ही दोघांनी दोन शनिवार घालवले.

सगळ्यात आधी पेन्शन, बँक, आधार, गॅस, दवाखाना यांच्यासाठी एक नवा आयडी काढला. तो कुठल्याही ग्रुपला, दुकानाला, नातेवाइकाच्या लग्नाच्या मेलयादीला द्यायचा नाही. एवढं एकच केलं तरी निम्मी भीती जाते, कारण मग ग्रुपच्या आयडीवर ‘तुमचं खातं बंद होणार’ असं बँकेच्या नावानं आलं, की ते खोटं आहे हे न उघडताच कळतं. बँकेला तो पत्ता माहीतच नाही. ग्रुपांसाठी दुसरा आयडी. सहज कुठे नोंदणी करायची तर तिसऱ्या प्रकारचा, टाकाऊ.

या तिसऱ्या प्रकारात अप्पांना रस वाटायला लागला. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह काढून हवा तो शब्द जोडता येतो आणि मेल आपल्याकडेच येते. अप्पांनी एका प्रदर्शनाच्या नोंदणीला असा ‘प्रदर्शन’ जोडलेला पत्ता दिला. चार महिन्यांनी त्याच पत्त्यावर विम्याची जाहिरात आली. पत्ता कुणी पुढे दिला हे पहिल्यांदाच त्यांना डोळ्यांसमोर दिसलं, आणि त्यांनी आयोजकांना अतिशय सभ्य भाषेत दोन परिच्छेद लिहिले. पण हा चाळणीचा पडदा आहे, भिंत नाही. अधिकच्या चिन्हापुढचं छाटून मूळ पत्ता काढणं कुणालाही जमतं, आणि काही ठिकाणी ते चिन्ह घेतच नाहीत. जीमेलच्या नावात मध्ये टिंबं टाकून वेगळा पत्ता होतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं होत नाही. ती टिंबं मोजलीच जात नाहीत.

त्याहून पक्की सोय म्हणजे मुखवट्याचा पत्ता. ॲपल, फायरफॉक्स, डकडकगो अशांच्या सेवा आहेत. त्या एक अगम्य अक्षरांचा पत्ता बनवून देतात, त्यावर आलेलं आपल्या खऱ्या पत्त्यावर पोचवतात, आणि कचरा यायला लागला की तेवढाच पत्ता बंद करता येतो. चर्चागटात यानं शिरायचं असेल तर एक गोष्ट आधी करून बघावी : उत्तर पाठवताना खरा पत्ता उघडा पडतो का? घरच्याच दुसऱ्या आयडीशी दोन मेलांची देवाणघेवाण केली की कळतं. आमचं पहिल्यांदा चुकलं होतं. आणि दहा मिनिटांत विरून जाणारे पत्ते ग्रुपसाठी अजिबात नकोत. पासवर्ड विसरलात तर नवा त्या विरलेल्या पत्त्यावर जाणार, शिवाय अशा कित्येक डब्यांत कुणीही डोकावू शकतं.

ग्रुपात शिरण्याआधी अप्पा आता एक परीक्षा घेतात. लॉगिन न करता, अनोळखी माणसासारखं ग्रुपचं पान उघडायचं. जुने संदेश वाचता आले, सभासदांची यादी दिसली, तर ते जगाला दिसतं आहे. मग व्यवस्थापकाला लिहायचं, की संदेश सभासदांपुरते ठेवा, यादी तुमच्यापुरती ठेवा. ही सेटिंगं बहुतेक ठिकाणी असतात, कुणी बघितलेली नसतात. अप्पांच्या जुन्या ग्रुपनं ती बदलली. जुन्या संदेशांतून सह्या काढायला व्यवस्थापकांना महिना लागला. त्यांनी ते केलं याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. उचललेला पत्ता परत येत नाही, पण पान बंद झालं की नवीन हात तरी पोचत नाहीत. त्यानंतर कचरा हळूहळू ओसरला, हे मी मोजून पाहिलं.

राहिलेल्या कचऱ्याशी वागायची रीतही बदलली. अप्पा पूर्वी प्रत्येक जाहिरातीखालचं ‘अनसबस्क्राइब’ दाबायचे, नम्रपणे नकार कळवावा तसं. ओळखीच्या संस्थेच्या पत्राला ते ठीक आहे. अनोळखी चोराला मात्र त्यातून एवढंच कळतं, की इथे माणूस राहतो आणि तो उघडून बघतो. मेलमधली चित्रं आपोआप उघडणंही आम्ही बंद केलं, कारण त्यात डोळ्यांना न दिसणारं टिंबाएवढं चित्र असतं, आणि ते उघडलं की पाठवणाऱ्याला खबर जाते. आता फक्त ‘स्पॅम’ म्हणून कळवायचं आणि पुढे जायचं.

एक जागा अजून दुखते, ती माझ्याच आजूबाजूची. आमच्या कॉलनीत पाण्याच्या वेळा बदलल्या तेव्हा 140 जणांना एकच मेल गेली, सगळ्यांचे पत्ते उघडे. ते ‘बीसीसी’त टाकले असते तर कुणाचा कुणाला दिसला नसता. पाठवणाऱ्या काकूंना मी सांगितलं, त्यांनी लगेच मानलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपला पत्ता आपण कितीही झाकला तरी तो अशा चांगल्या माणसांच्या हातून बाहेर जातो. त्यामुळे हे अप्पांपुरतं करून थांबता येईना. सध्या मी ओळखीच्या ज्येष्ठांकडे जाऊन बसते, एकेकाचा नवा आयडी काढून देते. बहुतेकांच्या सहीखाली पूर्ण पत्ता असतोच.

अप्पांच्या सहीचं मात्र शेवटपर्यंत अडलं होतं. बंगला काढला, फोन काढला, आयडी काढला. ‘ज्यांना लिहायचं असेल त्यांनी व्यवस्थापकांमार्फत लिहावं’ अशी एक ओळ त्यांनी स्वतः सुचवली. उरलं फक्त नाव. ते पडद्याकडे बघत राहिले.

“नाशिक तरी राहू दे,” ते म्हणाले.

मी टाइप केलं.

“आणि पिनकोड?”

“ठेवू या, अप्पा,” मी म्हणाले, आणि त्यांनी सहा आकडे एकेक करून सांगितले.